मायाप्पाचं तोंड

"माझ्या भावाचं तोंड मला का न्हाई दाखवलं?"

चपला न काढताच बिरू सोप्यात शिरला होता.

शिवलिंगअण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. भोवती चार फोटोग्राफर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि दोरीला चिमट्यांनी लावलेले फोटो.

गडहिंग्लजला अण्णांच्या घरी दर महिन्याला ही बैठक भरायची. ज्यानं त्यानं आपल्या हातानं छापलेला एक फोटो आणायचा, दोरीला लावायचा. मग प्रत्येकानं प्रत्येक फोटोवर काहीतरी बोलायचंच, हा अण्णांचा दंडक. छपाई शिकायची तर आधी बघायला शिका, आणि बघितलेलं बोलायला शिका, म्हणायचे.

बिरूचा थोरला भाऊ मायाप्पा याच बैठकीतला.

गेल्या आठवड्यात त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी अण्णा पोचले. बिरू मेंढरं टाकून धावत आला, तोवर मायाप्पा पांढऱ्या कापडात बांधून झाला होता. डोक्यापासून पायापर्यंत.

"बोला की, अण्णा! गाठी तुम्हीच मारल्या न्हवं?"

"व्हय."

"मग? का?"



"हे बघ, बाळ," चौघांतले प्रभुदेसाई मध्ये बोलले. ते कॉलेजात शिकवायचे आणि फोटोला हात लावायच्या आधी पांढरे हातमोजे घालायचे. "काही गोष्टी न बघितलेल्याच..."

"तुमास्नी इचारलं का?"



बिरूनं चौथीत शाळा सोडली होती. बोलण्याआधी हात उगारणारा गडी. पण आज त्याचे हात नुसतेच लोंबत होते, आणि डोळे भाजल्यासारखे कोरडे.

"आई रडंना झालीया," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला. "म्हणती, तोंड बघितल्याबिगार कुणासाठी रडू? कापडाच्या गाठोड्यासाठी?... घरात फोटो हुडकला. अख्ख्या गावाचे काढले यानं. सवताचा एक. आधार कार्डावरचा. त्यात तर दुसऱ्याची मेंढरं चोरून आणल्यागत दिसतो."

कोणीतरी फस्‌कन हसलं. आणि ते हसू तिथंच गिळलं.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मागच्या बैठकीला मी त्याचा एक फोटो काढलाय. छापला न्हाई अजून. चल."

जुनं न्हाणीघर हीच अण्णांची अंधारखोली. आत तांबडा मिणमिणता दिवा. फळीवर तीन पसरट थाळ्या. पहिल्या थाळीतल्या औषधात चित्र उमटतं, दुसऱ्या थाळीत साधं पाणी, तिसऱ्या थाळीतल्या हायपोत ते कायमचं टिकतं, मग उजेडानंही बिघडत नाही. सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले.

"दाराला आणि त्या पांढऱ्या दिव्याच्या बटनाला हात लावायचा नाही हं," प्रभुदेसाईंनी बजावलं.

"मी काय कुकुलं बाळ हाय?"

अण्णांनी फोटो मोठा करायच्या यंत्रात निगेटिव्ह सरकवली. खाली एक चेहरा पडला. केस पांढरेफटक, कातडी काळी, डोळ्यांच्या जागी पांढरी भोकं.

बिरू मागं सरला. "ह्यो... ह्यो कोण?"

"मायाप्पाच. उलटा हाय अजून."

अण्णांनी कपाटातला सगळ्यात चांगला, जाड कागद काढला. प्रदर्शनासाठी राखून ठेवलेला. त्यावर उजेड मोजून पाडला आणि कागद पहिल्या थाळीत सोडला.

कोरा कागद. अण्णा थाळीची एक कड हलकेच उचलत होते, खाली ठेवत होते. औषध इकडून तिकडं झुलत होतं.

"काय न्हाई की यात."

"बघ."

काहीच नाही...

मग केस आले. मिशी आली. भुवया. कोऱ्या कागदातून कुणीतरी वर येत होतं, पाण्यात बुडी मारलेला माणूस वर यावा तसं.

"आला..." बिरू पुटपुटला. "आला रं... दादा!"

तांबड्या अंधारात त्याला पुरतं दिसेना. त्याला भाऊ धड बघायचा होता. हात आपसूक भिंतीकडं गेला.

खट्‌.

सगळे एकदम ओरडले.

लख्ख उजेडात मायाप्पा दिसला. सबंध. समोर बघत असलेला. एक श्वासभर.

मग तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा कागद करपत गेला. कपाळ गेलं. गाल गेले. डोळे तेवढे थोडे मागं राहिले... तेही गेले.

थाळीत काळा कागद हलत होता.

"गाढवा, काय केलंस हे!" प्रभुदेसाई किंचाळले.

बिरूनं बटनावरचा हात काढला. त्या हाताकडं तो परक्याचा असल्यासारखा बघत राहिला.

"अण्णा... मी घालवला त्येला. आत्ता हुता. मी घालवला..."

अण्णा रागावले नाहीत. समजूतही काढली नाही. चिमट्यानं तो काळा कागद उचलून पाण्यात घातला, मग हायपोत घातला, मग पुन्हा स्वच्छ पाण्यात खळबळला. चांगल्या फोटोचं करतात तेवढं सगळं केलं. बाहेर नेऊन दोरीला लावला.

कागद टपटप गळत होता.

"अण्णा, हा फेकायचा ना?" फोटोग्राफरांतल्या एकानं विचारलं.

"बसा," अण्णा म्हणाले. "ह्याच्यावर बोला."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. म्हाताऱ्याला धक्का बसलाय, असं प्रत्येकाच्या तोंडावर.

"यात काही नाही," प्रभुदेसाई म्हणाले.

"झालं तुमचं. पुढं."

दुसऱ्यानं मान हलवली. तिसरा डोळे पुसत होता. चौथा म्हणाला, "अण्णा, नको हो..."

"बिरू."

"मी काय बोलणार? मला धड लिवाय-वाचाय येत न्हाई."

"लिव म्हटलं का कुणी? ह्यांच्यापरीस तू जास्त बघितलंस. बोल."

बिरू कागदासमोर उभा राहिला.

"आधी केस आलं," तो म्हणाला. "तेल न लावल्यालं. मग मिशी. डावीकडनं कमी हाय मिशी. कातरताना मी धक्का दिला हुता. चार दिवस माझ्यासंगं बोलला न्हाई."

"मग?"

"मग भुवया. त्या आईच्या... मग डोळं. हसत न्हवता, पर हसंल असं वाटत हुतं. माझी चोरी सापडली की असाच बघायचा." त्यानं हवेतच हात फिरवला. "कपाळ... गाल... हनुवटी..."

हात थांबला.

"जखम न्हवती, अण्णा. कुठंच न्हवती."



बिरूनं मान वळवली आणि अण्णांच्या हातांकडं बघितलं. गाठी मारणारे तेच हात. आता मांडीवर उताणे ठेवलेले.

त्यानं पुन्हा 'का' विचारलं नाही. मटकन खाली बसला आणि वासरू हंबरावं तसा हंबरला. अण्णा शेजारी बसून राहिले. पाठीवरून हात फिरवला नाही, काही नाही. नुसते बसून राहिले.

त्याचं रडं ओसरल्यावर म्हणाले, "चल. दुसरा छापू."

या खेपेला बिरूनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. केस आले, मिशी आली, डोळे आले. तो ओठ चावत उभा.

"काढ आता," अण्णांनी चिमटा पुढं केला.

"ऱ्हाऊ दे की जरा. अजून येऊ दे."

"जास्त ठेवलास तर काळवंडतो. काढ."

बिरूनं चिमटा घेतला नाही. थाळीत हात घातले आणि दोन्ही तळव्यांवर कागद उचलला.

"अरे, हाताला खाज सुटेल!" प्रभुदेसाई.

"सुटू दे."

त्यानं कागद पाण्यात घातला. मग हायपोत. आपणच थाळीची कड उचलत राहिला, अण्णा करत होते तशी, हळू.

काही वेळानं अण्णा म्हणाले, "बास. दिवा लाव."

बिरूचा हात थांबला.

"न्हाई."

"लाव."

"परत जाईल त्यो..."

प्रभुदेसाईंना राहवलं नाही. त्यांनीच बटनाकडं हात नेला. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

"तुमचा भाऊ हाय का?"

प्रभुदेसाईंनी हात मागं घेतला.

बिरू भिंतीशी गेला. बोट बटनावर ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं. डोळे गच्च मिटले...

खट्‌.

उजेड पडला. भिंतीशी उभी असलेली माणसं थाळीकडं बघत राहिली. बिरू एकटाच डोळे मिटून उभा.

"त्याला व्हायचं ते होऊन गेलंय, पोरा," अण्णा म्हणाले. "डोळं उघड. आईला तोंड तूच दाखवायचंस."