धुरपाची वाकडी माशी

काजवी नदीवर अजून पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या भोईवाडीत धुरपा नावाची पहिलटकरीण होती. पोर निजलं की श्वास चालतोय का पाहायची, रडलं की आपलंच काही चुकलं म्हणायची.

पाचवी पुजली आणि तिचं दूध आटलं. वाडीत बाळंतिणीला खडस माशाचं कालवण देत, त्यानं दूध उतरायचं. पण त्या साली पाणी इतकं नितळ होतं की मासे जाळं दुरूनच ओळखत. गळाच्या गांडुळाकडे तर ढुंकूनही बघत नसत. पोराचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं.

धुरपा पोराला छातीशी धरून डोहाकाठी बसली. तिन्हीसांजेला पाण्यातून पांढुरक्या माश्या वर येत होत्या आणि खडस उसळून त्याच टिपत होते. ती म्हणाली, मग हेच द्यावं की.

कोंबड्याचं पीस आणि पोराच्या कुंचीतला दोरा घेऊन तिनं गळावर माशी बांधली. दोन्ही पंख सारखे, नीटस. मासा फिरकला नाही. सोडली, पुन्हा बांधली. तरी नाही.

सासू म्हणाली, "अगं, माशाला जेवायला घालतेस की बाशिंग बांधतेस?"

"आत्याबाई, मला काही धड जमतच नाही."

तिसऱ्यांदा बांधताना पोर रडलं. घाईत गाठ चुकली, एक पंख खाली लोंबला. सोडवायला धीर कुणाला? तिनं तसाच गळ टाकला. पाण्यात पडलेली माशी अशीच एक पंख भिजवून तडफडते, हे तिला कुठं ठाऊक! डोह उसळला. खडस पाळण्याएवढा लांब होता आणि धुरपानं तो एका हातानं ओढला, दुसऱ्या हातात पोर होतं, असं म्हणतात.

कालवण पोटात गेलं आणि असं दूध उतरलं की शेजारच्या दोन पोरांनाही पुरलं. सासूनं तो गळ डोळ्यांना लावला. "वाकडीच बांधत जा गं बाई."

पुढं म्हातारी होईतो धुरपानं वाडीतल्या एकाही बाळंतिणीला खडसावाचून ठेवलं नाही. तिनं बांधलेल्या माश्या उन्हात ठेवल्या तर उडून जात, म्हणून वर परडी पालथी घालावी लागे, असं म्हणतात.

अजूनही भोईवाडीत पाचवीच्या सुपात एका वाकड्या पंखाची माशी ठेवतात. आणि नवी आई "माझं काही चुकलं का?" म्हणून रडवेली झाली, की म्हाताऱ्या ती माशी तिच्या तळहातावर ठेवतात.

"चुकलं नाही गं. धुरपागाठ पडली."