दंड कुणी भरला?

नगराध्यक्ष त्र्यंबकराव मूळचे पैलवान. बोलताना बाही सारून दंडावर थाप मारायची त्यांची खोडच होती. नगरपालिकेच्या सभेतही तशीच थाप मारून ते गरजले, "आरोग्य विमा प्रत्येकानं काढायचाच! नाही काढला, तर दंड भरायचा!"

पैलवानापुढे बोलणार कोण? शेवटी मागावर काम करणारी कौसाबाई खोकत उठली. "अण्णा, हप्त्याला पैसे असते, तर आधी औषध आणलं नसतं का?"

"कारणं नकोत. दंड भर!"

"भरते की," म्हणत तिनं पोलक्याची बाही वर सारली. आत नुसती काटकी होती. "हा माझा दंड. काही केल्या भरत नाही. तुमचा गावानं वर्गणी काढून, दूध-बदाम घालून भरला. आमच्या म्हशीचं दूधही त्यात होतं. आता माझा कोण भरतंय, तेवढं सांगा."

सभा खदखदून हसली. त्र्यंबकरावही हसायला गेले, पण त्यांना तो दुधाचा तांब्या आठवला, आणि रोज तो तालमीत आणून देणारी धट्टीकट्टी पोरही. ती हीच कौसा.

"ठरावातला दंड खोडा. हिचा हप्ता वर्गणीतून भरू," ते खाली मान घालून पुटपुटले, आणि आपला दंड झाकायला बाही खाली ओढू लागले.