पाळीची करवंटी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका; कारण वेळ मोजायचं भांडंच या गोष्टीत फुटतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक ओढा, ओढ्यावरून काढलेला एक पाट आणि त्या एका पाटावर भिजणारी चाळीस शेतं. भांडण होऊ नये म्हणून जुन्या माणसांनी एक युक्ती करून ठेवली होती. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र घंगाळातल्या पाण्यावर सोडायचं. ते हळूहळू भरायचं आणि बुडायचं. बुडालं की एकाची पाळी संपली, पाणी पुढच्याच्या शेतात.

गावात शाळा होती, शाळेत एक गुरुजी होते. पाढे, श्लोक, मापं, सगळं त्यांना तोंडपाठ. मनाने माणूस मऊ, पण आवाज असा की पाच वर्षांची पोरं भोकाड पसरायची. म्हणून अगदी लहान मुलं त्यांनी पडवीत साळूबाईंच्या हवाली केली होती. साळूबाई स्वतः बेताच्याच शिकलेल्या. पण मूल रडतंय ते भुकेने की भीतीने, हे त्यांना लांबून कळायचं.

पडवीत पाट्या नव्हत्या. वाळू होती, चिंचोके होते, पाण्याने भरलेली दगडी डोणी होती, देवळातून गोळा केलेल्या करवंट्या होत्या. अंगणातल्या कडुनिंबाला एक झोका होता. आणि कलकलाट तर विचारूच नका!

"साळूबाई, ही शाळा आहे की जत्रा?" गुरुजी आतून ओरडायचे.

"शिकतायत हो गुरुजी."

"काय शिकतायत?"

"काहीतरी चाललंय त्यांचं," एवढंच साळूबाई म्हणायच्या. गुरुजींनीही कधी उठून बघितलं नाही. विद्वान माणसाला दाराबाहेर डोकावायला वेळ कुठे असतो?

एके दिवशी मात्र कहर झाला. गुरुजी मोठ्या मुलांना मापांचे श्लोक शिकवत होते आणि पडवीत वीस पोरं एका सुरात किंचाळत होती, "बुडाली! बुडाली!"

गुरुजी तरातरा बाहेर आले. "पुरे झालं! उद्यापासून खेळ बंद. पाट्या घ्या आणि मुलांना रांगेत बसवा. जमत नसेल तर मुलं माझ्याकडे द्या."

पदराने डोळे टिपून साळूबाई करवंट्या गोळा करू लागल्या. गुरुजींना जरा वाईट वाटलं. पण शब्द गेला तो गेला, असा त्यांचा स्वभाव.

तेवढ्यात पाटील धापा टाकत आले. "गुरुजी, चला! घात झाला."

झालं होतं असं. आज पाटाला पाणी सोडायचा दिवस. पात्राच्या भोकात माती बसली म्हणून पाटकऱ्याने, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या माणसाने, ते खिळ्याने कोरलं. तांबं झिजून पानासारखं पातळ झालेलं. बूडच फाटलं. आता पात्र पाण्यावर ठेवताच गटकन तळाशी जात होतं.

गहू ओंब्यांवर आला होता. पाटाला पाणी जेमतेम आठ दिवस पुरणार होतं. आणि चाळीस घरची माणसं घंगाळाभोवती उभी राहून एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघत होती. काहींच्या हातात काठ्या होत्या.

"गुरुजी, तुम्हाला सगळी मापं येतात. नवीन पात्र करून द्या. नाहीतर आज डोकी फुटतील," पाटील म्हणाले.

गुरुजींनी श्लोक म्हटला. पात्र इतक्या वजनाचं, भोक इतक्या जाडीच्या सुईचं. एकही अक्षर चुकलं नाही. पण आयुष्यात त्यांनी कशाला भोक पाडलं नव्हतं! पाटलांच्या घरची एक वाटी आणून भोक पाडलं, ती कलंडली. दुसरी आणली, ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत बुडाली. तिसरी तर बुडायचं नावच घेईना. सगळा गाव आपल्या तोंडाकडे बघतोय आणि आपल्याला येत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

गर्दीतून एक चिमुकली पुढे आली. पडवीतलीच होती ती, बायजा. शाळा सुटल्यासारखी सगळी पोरं साळूबाईंचा पदर धरून तमाशा बघायला आली होती.

"गुरुजी, भोक मधोमध पाडायचं असतं. कडेला पडलं की ते कलंडतं."

कुणीतरी हसलं. बायजाला त्याचं काही नव्हतं. तिने ओच्यातून एक करवंटी काढली. "आमची बघा. भोक मोठं झालं होतं, म्हणून मेण लावलंय. आणि आत हा खडा ठेवायचा, नाहीतर ती नुसती तरंगत बसते."

करवंटी पाण्यावर ठेवली. ती सरळ उभी राहिली, हळूहळू भरली, आणि सगळा गाव श्वास रोखून बघत असताना बुडाली. पुन्हा ठेवली. पुन्हा तेवढाच वेळ.

"बुडाली! बुडाली!" पोरं ओरडली.

गुरुजी बायजासमोर उकिडवे बसले. "कुणी शिकवलं गं तुम्हाला हे?"

"कुणी नाही. झोका एक आणि आम्ही वीस. खूप मारामारी व्हायची. साळूबाई म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. आधी आम्ही गाणं म्हणायचो, पण सदू मुद्दाम भरभर म्हणायचा. मग करवंटी केली. ती बुडेपर्यंत एकाचा झोका."

एक म्हातारा शेतकरी कुरकुरला, "पण हे आपल्या जुन्या पात्राएवढं आहे कशावरून? पाळी छोटी पडली तर?"

बायजाला प्रश्नच कळेना. "सगळ्यांना तीच करवंटी ना? मग झालं की! फेरी संपली की परत पहिल्यापासून."

म्हाताऱ्याने हातातली काठी हळूच खाली ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. त्या दुपारी पाट वाहू लागला, आणि आठ दिवसांत फेरीवर फेरी घेत चाळीसही शेतं भिजली.

पण गुरुजी त्या दुपारीच शाळेत परतले होते. पडवीत साळूबाई करवंट्या टोपलीत भरत होत्या. त्यांनी टोपली पुढे केली. "घ्या गुरुजी. उद्यापासून पाट्या काढते."

गुरुजींनी टोपली घेतली आणि सगळ्या करवंट्या परत डोणीत ओतल्या. "साळूबाई, आज गावाचं पीक तुम्ही वाचवलंत, आणि माझी अब्रूही. मी चाळीस वर्षं मापं पाठ करून घेतली. मोजायला मात्र तुमची मुलं शिकली. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"मी काय केलं हो? मी नुसती जवळ बसले होते."

"तेच मला कधी जमलं नाही," गुरुजी म्हणाले. मग झोक्याकडे बघत त्यांनी पोरांना हळूच विचारलं, "मला एक पाळी मिळेल का?"

बायजाने भोकाची दुसरी करवंटी पाण्यावर सोडली. "रांगेत या गुरुजी. तुमची पाळी एकविसावी."

आणि गुरुजी निमूटपणे रांगेत उभे राहिले.

तेव्हापासून त्या गावात दरवर्षी पाटाचं पाणी सोडताना पहिली करवंटी शाळेतलं सगळ्यात लहान मूल पाण्यावर ठेवतं, आणि सगळा गाव त्या मुलाला हात जोडतो.

तात्पर्य: मुलांना मनसोक्त खेळू द्या आणि जवळ बसा, खेळता खेळता हाताला आलेलं शहाणपण जन्मभर सुटत नाही.