घंटा नसलेल्या चर्चचा दोर

शिरवंडीच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये मला पहिल्यांदा खटकला तो दोर. वर घंटा नव्हती, दोर मात्र नवाकोरा. वाऱ्याने तो हलला तशी मी दचकून मागे सरले आणि किल्ला दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बस्त्यावकाकांच्या पायावर पाय दिला.

"संग्रहालयातल्या तोफेला भ्याली नाहीस, आणि दोराला भितेस?" काका हसले. मग हळू म्हणाले, "घंटा त्या तोफेतच आहे."

फार पूर्वी किल्ल्याला वेढा पडला होता, असे सांगतात. शत्रू आपल्यातल्यांचे आवाज काढून दरवाजे उघडायला लावायचा. म्हणून पाद्र्याने दरवानांना क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली: तिन्हीसांजेची घंटा होईपर्यंत बाहेरच्या हाकेला ओ द्यायची नाही. खाडीच्या दरवाजावर इनास होता, काकांच्याच घराण्यातला. त्याची मुलगी तापाने फणफणलेली आणि किल्ल्यातली विहीर खारी. दुपारच्या ओहोटीला त्याची बायको नातालीन गोड्या पाण्यासाठी बाहेर पडली. "घंटा झाली की उघड," एवढेच बोलली.

त्याच दुपारी तोफ ओतायला घंटा उतरवली. शपथ तिच्यावरच टांगलेली आहे हे, म्हणे, एकालाही आठवले नाही. इनासला तर कोणी कळवलेच नाही.

नातालीन परतली तेव्हा भरती लागली होती. "इनास, उघड. पाणी चढतंय." तो फळीला कान लावून बसला. आवाज तिचाच, पण घंटा होत नव्हती. तिने मुलीचे नाव घेतले. पाणी कमरेला लागले तेही सांगितले. इनास चर्चकडे बघत राहिला. हाका थांबल्या, तरी बघतच राहिला. मुलगीही त्याच आठवड्यात गेली.

आजही शिरवंडीत दरवर्षी त्या दिवशी नवा दोर बांधतात. भरती चढताना एक बाई दरवाजाबाहेर उभी राहून हाक मारते, चर्चमध्ये मुका दोर ओढतात, आणि इनासच्या घरातल्या पुरुषाने ओ द्यायची असते. मी गेले तो नेमका तोच दिवस होता. गावात चार म्हातारे उरलेले, बाई एकही नाही. बाहेर उभी राहून हाक मारशील का, असे काकांनी मला विचारले.

"भिऊ नको, पोरी. मी आत आहे."

मी हाक मारली. "इनास, उघड." पाणी घोट्याला लागले. पुन्हा मारली. आतून फक्त काकांचा श्वास ऐकू येत होता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आले. तिसऱ्या हाकेला माझा आवाज फाटला, तेव्हा दाराआडून काका बोलले, "आलो गं. फार उशीर केला मी."