पाटलाची कोरी चूल

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. किती झाली ते मलाही नक्की ठाऊक नाही, आणि कळून कुणाचं काही अडणारही नाही. नदीकाठच्या एका गावात एक पाटील राहत होता. त्याची बायको लवकर वारली होती. मुलगी एकच, आणि तीही लग्न होऊन तीन दिवसांच्या वाटेवर नांदत होती.

बायको गेल्यावर पाटलाने घराची पार उलथापालथ केली होती. मातीची भुई उकरून दगडी फरशी बसवली, माजघरातला झोपाळा काढून टाकला आणि चूल मोडून स्वयंपाक परसातल्या छपराखाली नेला. जे जे पाहून बायको आठवे ते ते त्याने नजरेआड केलं. दुःखात माणसं असं करतात.

एके दिवशी मुलीच्या सासरहून निरोप्या आला. म्हणाला, "ताईंना दिवस गेलेत. पावसाळा सरला की पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतील. त्यांनी एवढंच सांगितलंय, की आईच्या वेळी होतं तसं घर पुन्हा एकदा पाहायचंय."

पाटलाचे डोळे भरून आले. लेकीने आजवर काही मागितलं नव्हतं. त्याने दुसऱ्याच दिवशी फरशी उखडली. सुताराला बसवून पितळी कड्यांचा झोपाळा करून घेतला. मग गावातल्या कुंभारणीला बोलावणं धाडलं, कारण त्याच्या बायकोची चूल तिनेच घातली होती.

कुंभारणीने माती मळली, भुई चोपून चोपून गुळगुळीत केली आणि शेणाने सारवली. भिंतींना पांढरी माती दिली, खाली गेरूचा पट्टा ओढला आणि वर तांदळाच्या पिठाने मोर काढले. शेवटी जुन्याच जागी जुन्याच मापाची चूल घातली. आईच्या वेळचं घर पंधरा दिवसांत जसंच्या तसं उभं राहिलं.

जाताना ती म्हणाली, "पाटील, उद्यापास्नं चूल रोज पेटवा. धूर लागला की लाकडाला कीड धरत न्हाई. भुईवर माणसं वावरू द्या. आठ दिसांनी मी येते सारवायला."

"छे छे!" पाटील म्हणाला. "धुराने मोर काळे पडतील. लेक येईपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही."

"पर पाटील, वहिनींच्या वेळचे मोर काळेच हुते की."

पाटलाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दाराला कुलूप घातलं. तो ओसरीवर झोपू लागला, परसात जेवू लागला. आठ दिवसांनी कुंभारीण शेणाची पाटी घेऊन आली, तेव्हा कडेची नक्षी पुसली जाईल म्हणून त्याने तिला परत पाठवलं. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. त्यानंतर ती आली नाही. तिला तिची मडकी होती.

चार महिने पाऊस पडला. पाटील रोज सकाळी खिडकीच्या फटीतून आत डोकावे. अर्ध्या उजेडात सगळं छान दिसे. तो समाधानाने मान हलवून निघून जाई.

ठरल्याप्रमाणे मुलगी आली. गाडीतून सावकाश उतरली. पाटलाने मोठ्या थाटात कुलूप काढलं. उंबऱ्याशी ती थबकली. तोच झोपाळा, तीच चूल, तेच मोर. तिने डोळ्यांना पदर लावला.

"बस, आधी झोपाळ्यावर बस," पाटील घाईने म्हणाला.

तिच्या हातात बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं होतं. ते तिने आधी झोपाळ्याच्या फळीवर ठेवलं. फळी मधोमध मोडली आणि गाठोडं खाली पडलं. फळीच्या पोटात नुसता भुसा होता.

मग उजेडात बाकीचंही दिसलं. भुईला ओलीने पोपडे आले होते. मोरांच्या पिसाऱ्यांमधून वाळवीच्या मातीच्या रेघा थेट आढ्यापर्यंत गेल्या होत्या. सुताराने येऊन तुळयांवर हातोडी वाजवली आणि म्हणाला, "पाटील, या छताखाली बाळंतिणीला ठेवू नका."

मुलगी चुलीपाशी वाकली होती. तिने आत बोट फिरवून पाहिलं. बोटाला राखेचा कणही लागला नाही.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आईचं सगळं केलंत तुम्ही. आई दिवसभर या घरात वावरायची, तेवढं राहिलं."

पाटलाने वाकून खाली पडलेलं गाठोडं उचललं आणि त्यावरचा भुसा झटकला.

बातमी कळताच कुंभारीण आली. तिचं घर दोन खोल्यांचं, भिंती धुराने काळवंडलेल्या, पण भुई कालच सारवलेली आणि चुलीवर पाणी तापत ठेवलेलं. "मावशी, तुमच्याकडे येऊ?" असं मुलीनेच विचारलं. गावात चार जणांनी नाकं मुरडली. पाटलाच्या लेकीचं बाळंतपण कुंभाराच्या घरी झालं. मुलगी झाली. बारसंही तिथेच झालं.

पाटील सुधारला नाही असं नाही. त्याने तुळया बदलल्या, झोपाळ्याला नवी फळी घातली आणि स्वतःच्या हाताने रोज चूल पेटवू लागला. वर्षभरात त्याचेही मोर काळे पडले आणि त्याला ते आवडू लागले.

पण नात मोठी झाली आणि सुट्टीला येऊ लागली, तेव्हा गाडी पाटलाच्या दारात थांबे. नात खाली उडी मारी आणि "मी आजोळी चालले!" असं ओरडत कुंभारणीच्या घराकडे पळे. पाटील पेटलेल्या चुलीपाशी तिची वाट पाहत बसे. ती यायची, पण जेवून यायची.

तात्पर्य : घर सजवल्याने सुंदर दिसतं, पण आपलं होतं ते त्यात वावरल्यानेच.