कर्त्याची खुर्ची

एकदा एका शिष्याच्या मोटारीने घाटाच्या मध्यावर मौन धरले. आधी तिने भरपूर वाफ सोडली, मग एक दीर्घ निःश्वास टाकला, आणि जी गप्प झाली ती झालीच. गाडी अवघी चौदा महिन्यांची होती. हमी तीन वर्षांची होती. ज्या दालनातून ती विकत घेतली, त्याच्या काचेच्या दारावर ‘आपले समाधान हीच आमची वाटचाल’ असे सोनेरी अक्षरांत लिहिलेले होते. गाडी टोचन लावून त्या दारात नेली आणि ती वाटचाल सुरू झाली.

शिष्याचे नाव सारंगधर. वय पस्तीस, घाटमाथ्यावरच्या तालुक्याच्या गावी चष्म्याचे दुकान. शाळेत असताना तो एका वृद्ध गुरुजींकडे मराठीचे व्याकरण शिकला होता आणि शाळा सुटून वीस वर्षे झाली तरी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचा. गुरुजींनी चाळीस वर्षे पेपर तपासले, पण कुणालाही पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. साडेनऊच्या पुढे त्यांचा हात सरकत नसे. अर्धा गुण कशाचा कापला असे कुणी विचारले, तर म्हणत, “पुढच्या वेळेसाठी काही राहू दे की!”

गाडीवाचून सारंगधरचे दुकान अडले नव्हते. अडली होती ती घरची एक मोठी गोष्ट. त्याची बायको वैजयंती हिला आठवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाई घाटाखाली, जिल्ह्याच्या गावी. एसटी दिवसातून दोन वेळा, तीही आली तर. वेळ आली की दहा मिनिटांत निघू, असा शब्द त्याने बायकोला दिला होता, आणि त्या शब्दाची चाके आता दालनामागच्या वर्कशॉपमध्ये विटांवर चढवलेली होती.

तेवीस दिवस तो फोन करत राहिला. दरवेळी पलीकडून गोड आवाजात उत्तर यायचे. “रिपोर्ट पाठवला गेलाय सर.” “वरून उत्तर यायचंय.” “कळवलं जाईल.” चोविसाव्या दिवशी कळवले गेले: केस वॉरंटीत बसत नाही.

त्या रविवारी सारंगधर सगळी कागदपत्रे घेऊन गुरुजींकडे आला. चेहरा असा, की दारातल्या मांजरानेही वाट सोडली. गुरुजींनी एकेक कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. हातात लाल पेन्सिल होतीच.

“अरे, मोठी गंमत आहे,” ते म्हणाले. “‘इंजिन खोलण्यात आले. हेड वाकलेले दिसून आले. क्लिप सैल आढळली. प्रकरण नाकारण्यात येत आहे.’ एवढं सगळं झालं, आणि एवढ्या कागदांत माणूस एकही नाही! हे वर्कशॉप आहे की भुताटकीचा वाडा?”

सारंगधरला तेवढ्यातही हसू आले. मग गुरुजींनी शेवटचा कागद उचलला. तो सारंगधरनेच कंपनीला लिहिलेला खुलासा होता. ‘गाडी अचानक तापली. दिवा लक्षात आला नाही. गाडी बंद पडली.’ या कागदावर मात्र पेन्सिल नुसती अधांतरी थांबली. गुरुजींनी त्याची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “उद्या मी येतो तुझ्याबरोबर.”

सारंगधरला हायसे वाटले. गुरुजींचा दरारा त्याला ठाऊक होता. आता त्या लोकांची चांगली खरडपट्टी निघणार, या आनंदात त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघे घाट उतरले. सर्व्हिस मॅनेजर रणवरे नावाचे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन खाऊन चेहरा मात्र उशीसारखा झाला होता. कुणीही बुक्का मारावा आणि खळगा पुन्हा भरून यावा. त्यांनी दोघांना बसायला सांगितले, पाणी मागवले आणि म्हणाले, “मी समजू शकतो, गुरुजी. पण केस वॉरंटीत बसत नाही.”

“कोण बसत नाही?” गुरुजींनी विचारले.

“केस.”

“हात्तिच्या! एवढंच ना?” गुरुजी उठले. कोपऱ्यातली एक रिकामी खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आणली. तिचा पाय फरशीवर एवढा करकरला, की बाहेर गाड्या पाहणारी माणसेही वळली. ती त्यांनी टेबलाच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी मांडली आणि खिशातला रुमाल काढून झटकली.

“ही कर्त्याची खुर्ची,” ते म्हणाले. “हिच्यावर बसणाऱ्यानं एकच वाक्य बोलायचं, आणि त्या वाक्यात ‘मी’ असला पाहिजे. प्रयोग कर्तरी असो की कर्मणी, माझी हरकत नाही. कर्ता दिसला पाहिजे.”

रणवरे सारंगधरकडे पाहू लागले. म्हाताऱ्याचे डोके जागेवर आहे ना, असे त्या नजरेत स्पष्ट लिहिलेले होते. सारंगधरला मात्र गुदगुल्या होत होत्या. आता हा मॅनेजर त्या खुर्चीवर बसणार आणि शाळेतल्या ढ पोरासारखा घाम पुसणार! तो पुढे सरसावून पाहू लागला.

“ये,” गुरुजी म्हणाले. “बस.”

“कोण, मी?”

“हं. तो शब्द सापडलाय म्हणजे अर्धं काम झालंच.”

सारंगधरचा चेहरा उतरला. नाही म्हणण्याची सोय नव्हती. तो खुर्चीवर बसला. गुरुजींनी खिशातला खुलासा काढून त्याच्यापुढे ठेवला. “दुसरं वाक्य वाच.”

“‘दिवा लक्षात आला नाही,’” सारंगधरने वाचले.

“बाळ, दिवा आपल्या पायांनी लक्षात येत नसतो. माणूस तो लक्षात घेतो किंवा घेत नाही. आणि तू तर अख्ख्या तालुक्याला चष्मे लावतोस. पुन्हा सांग.”

सारंगधरने पुन्हा त्या कागदाकडे पाहिले. त्याला घाट दिसत होता. शेजारी बसलेली वैजयंती दिसत होती. “अहो, इंजिनचा तो दिवा लाल झालाय,” असे ती म्हणाली होती, आणि “असू दे, वर टपरीपाशी थांबू,” असे तो म्हणाला होता. इतके दिवस तो दालनाला शिव्या देत होता, ते थोडे त्या आठवणीपासून लांब राहण्यासाठीही. खरे बोललो तर हमी गेली, हे त्याला पक्के ठाऊक होते. हमी गेली तर गाडी गेली, आणि वैजयंतीला दिलेला शब्दही गेला.

“मी दिवा पाहिला होता,” तो शेवटी म्हणाला. “बायकोनं सांगितलं होतं. तरी मी चार किलोमीटर गाडी चालवली.”

मग रणवऱ्यांनी समोरचा संगणक किंचित वळवला.

“चार पूर्णांक दोन,” ते म्हणाले. “गाडीत सगळं नोंदलेलं असतं, साहेब. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा माझ्या मनात आलं, ग्राहकच खोटं बोलतोय तर मी वर कशाला भांडू? टाकला कागद पुढे.”

दारात कुणीतरी खाकरले. बाह्या वर केलेला, हात ऑइलने काळे झालेला मेकॅनिक दस्तगीर नदाफ दुसऱ्या गाडीच्या कागदावर सही घ्यायला आला होता आणि केव्हापासून तिथेच उभा होता.

“सर,” तो म्हणाला, “म्या बसू का त्या खुर्चीवर?”

सारंगधरने उठून जागा दिली. दस्तगीर मात्र कपडे खराब आहेत म्हणून खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला.

“गेल्या सर्व्हिसला ह्या गाडीचा पाण्याचा पाइप म्या बदलला हुता. त्याची क्लिप म्या नीट आवळली न्हाई. इंजिन खोललं तवाच मला दिसलं, पानी तितनंच गेलंय. ‘क्लिप सैल आढळली’ असं लिवलं.” मग तो गुरुजींकडे वळून म्हणाला, “तुमी ‘मी’ म्हनायला सांगितलं. आमच्याकडं ‘म्या’ म्हनत्यात.”

“‘म्या’चा अर्धा गुणही कापत नाही!” गुरुजी म्हणाले.

“हे आधी का नाही सांगितलंस?” रणवऱ्यांनी विचारले.

“कुनी इचारलंच न्हाई, सर. समदी ‘काय झालं’ इचारत हुती. ‘कुनी क्येलं’ कुनीच इचारलं न्हाई.”

आता सारंगधरला वाटले, बिचाऱ्या दस्तगीरची नोकरी जाणार. पण रणवरे जागेवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला उठवले. स्वतःची मऊ, फिरती खुर्ची सोडून ते त्या करकरणाऱ्या खुर्चीवर बसले.

“त्या दिवशी वर्कशॉपमध्ये दोन माणसं रजेवर होती,” ते म्हणाले. “अकरा गाड्या मी एकट्या दस्तगीरच्या अंगावर टाकल्या. संध्याकाळच्या आत उरक म्हणून मीच त्याच्या डोक्यावर उभा होतो.” त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. “मी कंपनीला पत्र लिहितो. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. चार किलोमीटर लिहितो, क्लिप लिहितो आणि अकरा गाड्याही लिहितो. पुढं काय ते होऊ दे.”

पत्र तिथेच लिहिले गेले. चुकलो, कर्ता राहिला! रणवऱ्यांनी लिहिले. गुरुजींनी ते वाचून ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका तेवढ्या सुधारल्या.

परत जाताना एसटी स्टँडवर दोघांनी उसाचा रस घेतला. सारंगधरच्या मनात एक शंका घोळत होती.

“गुरुजी, जन्मभर आपण ऐकतो की ‘मी’ सोडावा. तुम्ही तर आज प्रत्येकाला धरून धरून ‘मी’ म्हणायला लावलंत.”

गुरुजींनी मिशीला लागलेला फेस पुसला. “श्रेयाच्या वाक्यातला ‘मी’ सोडायचा असतो रे. आपण उलटं करतो. यश मिळालं की ‘मी मिळवलं’, आणि बिघडलं की ‘बिघडलं’. ज्या चुकीला कर्ता नाही, ती दुरुस्त कोण करणार? आणि माफ तरी कुणाला करायचं? सैल क्लिपला? वाक्याला क्षमा करता येत नाही, माणसाला करता येते. म्हणून आधी माणूस वाक्यात यावा लागतो. पहिला तू आलास, म्हणून मागचे दोघे आले.”

“पण मला पहिला का बसवलंत? चूक तर त्यांची मोठी होती.”

“त्यांचा मी मास्तर नव्हतो,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी अजून एक ग्लास मागवला.

नवव्या दिवशी फोन आला. बोलणारे रणवरेच होते. “सारंगधरराव, मी बोलतोय. मी मंजुरी घेतली. दस्तगीर नवं इंजिन बसवतोय. गुरुवारी मी गाडी देतो.” एका दमात तीनदा ‘मी’! सारंगधर दुकानात एकटाच मोठ्याने हसला, आणि नंबर तपासायला आलेल्या आजोबांना वाटले, आपण फळ्यावरचे अक्षर चुकीचे वाचले.

गुरुवारी दस्तगीरने त्याला हाताला धरून बॉनेटपाशी नेले. “ह्यी बघा क्लिप. म्या आवळली. आन् रणवरे सरांनी सोता बघितली.” इंजिन सुरू झाले, तेव्हा वर्कशॉपमधली चार-पाच माणसे उगीचच भोवती जमली, आणि कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. घरी आल्यावर सारंगधरने वैजयंतीपुढे उभे राहून सांगितले, “त्या दिवशी तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही.” ती म्हणाली, “मला काय माहीत नाही? मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता त्याची.” आणि पोटावर हात ठेवून अशी हसली, की त्याच्या मनावरचे ओझे उतरले.

तीन आठवड्यांनी, कोवळ्या उन्हाच्या वेळी, गुरुजी अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. फोन वाजला.

“गुरुजी! मुलगी झाली!” सारंगधर ओरडतच होता. “दोघी छान आहेत! गुरुजी, मुलगी झाली!”

गुरुजींचे डोळे डबडबले. पण चाळीस वर्षांची खोड जाते थोडीच?

“वा, वा! पण शिष्योत्तमा,” ते म्हणाले, “या वाक्यात कर्ता कोण?”

पलीकडून हॉस्पिटलच्या व्हरांड्यातली भांड्यांची किणकिण ऐकू आली, आणि लांबून एक नवाकोरा रडण्याचा आवाज.

“हिनं केलं, गुरुजी. सगळं हिनंच केलं,” सारंगधर म्हणाला. “मी नुसती गाडी चालवली.”

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

“दहापैकी दहा,” ते म्हणाले.