उंटाने काढलेला स्थळाचा फोटो

जनावरांच्या लग्नात आधी मुलीचा फोटो पाठवायची पद्धत होती, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठी एका उंटाचा फोटो स्टुडिओ होता. मान ताठ ठेवून, उभ्या उभ्याच तो सगळ्यांचे फोटो काढायचा.

कोंबडीने आपल्या मुलीचा, शेवंतीचा फोटो त्याच्याकडून काढून घेतला आणि पलीकडच्या गावच्या कोंबड्याला पाठवला. कावळा निरोप घेऊन आला, "उशी छान आहे. मुलगी कुठे आहे?"

कोंबडी तणतणत स्टुडिओत आली.

"ऊन कमी पडलं," उंट म्हणाला आणि त्याने दुसरा फोटो काढला. पुन्हा वरून दिसणारी पिसांची उशीच.

"मुलगी हलली."

"अरे मेल्या, माझ्या पोरीला तोंड आहे!" कोंबडी किंचाळली. "ते इथं खाली आहे. जरा बस की!"

फोटोग्राफरने बसायचं? उंटाला भलताच अपमान वाटला. पण कोंबडी दारातून हलेना, तेव्हा तो कुरकुरत गुडघे टेकून बसला. कॅमेरा शेवंतीच्या डोळ्यांसमोर आला. तिचा इवलासा तुरा, लाजरे डोळे, सगळं दिसलं. त्याने पटकन बटण दाबलं.

शेवंती मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"अय्या काका, तुम्हालाही तोंड आहे! मला वाटायचं, तुम्ही म्हणजे नुसते चार पाय."